नोटांचे बंडल चाळताना

वॉटफर्डमध्ये रोजच्या रोज रोख पैसे हाताळणारी मराठी माणसे आता मोजकीच उरली आहेत. सेंट ऑल्बन्स रोडवर किंवा मार्केट स्ट्रीटवर दुकान चालवणारे, शनिवारी बाजारात गाळा लावणारे, घरगुती डबे पोचवणारे आणि गणेशोत्सवात दानपेटी मोजायला बसणारे मंडळाचे कार्यकर्ते. बाकीचे सगळे कार्ड टेकवून मोकळे होतात. हा लेख या रोखवाल्यांसाठी आहे. ज्यांच्या पुण्या-नाशकातल्या घरी कपाटाच्या खणात दहा-वीसच्या नोटांची बंडले पडून आहेत, त्यांच्यासाठीही आहे. चलनातल्या नोटांत संग्रहासारखे काही सापडते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सापडते. पण वर्तमानपत्रे सांगतात तिथे सहसा सापडत नाही, आणि सापडले तरी त्याचे मोल नोटेच्या दुर्मीळपणाइतकेच तिच्या कोरेपणावर ठरते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

आधी इथली परिस्थिती नीट समजून घ्या. बँक ऑफ इंग्लंडची कागदी नोट आता चलनात नाही. चर्चिलची प्लास्टिकची, म्हणजे पॉलिमरची, पाच पौंडांची नोट १३ सप्टेंबर २०१६ रोजी आली आणि एलिझाबेथ फ्रायची कागदी नोट ५ मे २०१७ नंतर बाद झाली. जेन ऑस्टिनची दहाची २०१७मध्ये आली, टर्नरची वीसची २०२०मध्ये आणि ट्युरिंगची पन्नासची २३ जून २०२१ला, त्याच्या जन्मदिवशी. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२पर्यंत चालल्या. ५ जून २०२४पासून राजा चार्ल्सच्या नोटा राणीच्या नोटांत मिसळू लागल्या. राणीच्या नोटा बाद झालेल्या नाहीत, त्या तशाच चालतात. म्हणून ‘राणीची नोट आहे, जपून ठेवा’ या सल्ल्याला सध्या तरी अर्थ नाही. अशा नोटा अब्जावधींनी आहेत.

जुनी कागदी नोट घरात सापडली तर घाबरायचे कारण नाही. बँक ऑफ इंग्लंड आपली कोणतीही जुनी नोट कधीही बदलून देते, त्याला मुदत नाही. म्हणून ती घाईने बदलू नका. आधी तिचा क्रमांक आणि अवस्था बघा, मग ठरवा.

आता बंडल मिळवायचे कसे. पाचाच्या शंभर नोटा म्हणजे पाचशे पौंड. एवढी रक्कम काउंटरवर मागितली की बँकेतला माणूस ‘कशासाठी?’ असे विचारतो. वृद्धांना फसवून पैसे काढायला लावणाऱ्या टोळ्यांमुळे हा प्रश्न विचारला जातो, त्यात अपमान नाही. ‘मी नोटांचा संग्रह करतो, नंबर बघून परत भरणार आहे’ असे सरळ सांगा. सांगितलेले खरे असेल तर पुढच्या वेळी तोच माणूस ओळखीने बंडल काढून देतो. पोस्ट ऑफिसच्या काउंटरवरूनही बहुतेक बँकांच्या खात्यांतले पैसे काढता येतात. पैसे काढल्याची पावती बंडलासोबत ठेवा. हजार पौंड किंवा त्याहून जास्त रोकड गुन्ह्यातली असल्याचा संशय आला, तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात. खरी पावती जवळ असली की बोलणे दोन मिनिटांत संपते.

आज काढायचे, उद्या भरायचे, परवा पुन्हा काढायचे, हा खेळ मात्र करू नका. धंद्याच्या खात्यावर रोख भरण्या-काढण्याचे पैसे लागतात आणि विनाकारण फिरणाऱ्या रोकडीकडे बँकेचे लक्ष जातेच. त्यापेक्षा चांगला मार्ग दुकानदाराशी ओळख काढण्याचा. संध्याकाळी गल्ला मोजताना त्याला पाचाच्या आणि दहाच्या नोटा तुमच्याशी बदलून घ्यायला काहीच अडचण नसते. बँकेत भरायची रक्कम तेवढीच राहते आणि तुम्हाला गावभर फिरलेला, कुठून कुठून आलेला माल मिळतो.

चाळण्याची रीत. हात धुऊन कोरडे करा. बोटाला थुंकी किंवा ओला स्पंज लावून मोजण्याची सवय इथे सोडावी लागेल. इंग्लंडच्या पॉलिमर नोटांचा क्रमांक राजा-राणीच्या उलट बाजूला असतो, भारतीय नोटांचा पुढच्या बाजूला. सगळ्या नोटा एका तोंडाने लावून घ्या, टेबलावर पत्ते वाटावेत तशा एकेक काढत जा आणि पहिल्या फेरीत फक्त सुरुवातीची अक्षरे बघा. सहा आकडे दुसऱ्या फेरीत. दोन्ही एकदम बघायला गेले की डोळा थकतो आणि नेमकी हवी ती निसटते.

अक्षरांचे गणित असे. नोटा मोठ्या तावावर छापल्या जातात. अक्षरांच्या पुढचे दोन आकडे नोटेची तावावरची जागा सांगतात आणि एका तावावरच्या सगळ्या नोटांना पुढचे सहा आकडे तेच असतात. एए०१ म्हणजे पहिल्या तुकडीतली पहिली जागा. २०१६च्या हिवाळ्यात एए०१ची पाचाची नोट सापडली की नशीब फळफळले, अशी बातमी सगळीकडे होती. पण सहा आकड्यांत ९,९९,९९९ क्रमांक बसतात. म्हणजे एकट्या एए०१च्याच जवळपास दहा लाख नोटा होऊ शकतात. त्यातली चुरगळलेली नोट पाच पौंडांचीच राहते. किंमत येते ती एए०१ आणि त्यापुढे चार-पाच शून्ये असली तर. त्याच सुमारास एके४७ अक्षरांच्या नोटांचेही वेड पसरले होते. बंदुकीचे नाव म्हणून चार दिवस लोकांनी जास्त पैसे मोजले, पुढे उत्साह ओसरला. अशा लाटेत विकत घेऊ नका. हातात आलेली असेल तर लाट असेपर्यंत विकून टाका.

लहान क्रमांकाला किती मान असतो ते २०२४मध्ये दिसले. राजाच्या चित्राच्या सुरुवातीच्या नोटा बँक ऑफ इंग्लंडने स्पिंक या लिलावगृहामार्फत विकल्या आणि ती रक्कम दहा धर्मादाय संस्थांना दिली. दर्शनी किंमत ७८,४३० पौंड, मिळाले ९,१४,१२७. एचबी०१ ०००००२ ही दहाची नोट १७,००० पौंडांना गेली. पन्नासच्या चाळीस नोटांचा न कापलेला एक ताव २६,००० पौंडांना गेला. पण या नोटा बाजारात आल्याच नव्हत्या, थेट बँकेच्या हातून लिलावात गेल्या. तुमच्या-आमच्या बंडलात येणारी नोट अनेकांच्या खिशांतून फिरलेली असते, म्हणून या आकड्यांवरून आपल्या नोटेचा भाव काढू नका.

सहा आकड्यांत काय बघायचे? सगळे आकडे सारखे असलेले क्रमांक, ११११११ ते ९९९९९९, दर दहा लाखांत नऊच. १२३४५६सारखी शिडी त्याहून दुर्मीळ. डावीकडून-उजवीकडून सारखाच वाचता येणारा ३४५५४३सारखा क्रमांक, ज्याला संग्राहक ‘रडार’ म्हणतात, साधारण हजारात एक. म्हणजे मिसळलेल्या नोटांची दहा बंडले चाळली तर सरासरी एक रडार मिळावा. पाचाच्या नोटांत याचा अर्थ पाच हजार पौंडांची चाळणी, भारतात दहाच्या नोटांत दहा हजार रुपयांची. म्हणून लहान किमतीच्या नोटांतच शोधावे, हा सल्ला मी सर्वांना देतो.

नव्या कोऱ्या, ओळीने क्रमांक असलेल्या बंडलासाठी एक सोपी खूण आहे, ती भारतातल्या कोऱ्या बंडलांना विशेष उपयोगी पडते. पहिल्या नोटेच्या सहा आकड्यांतला तिसरा आणि चौथा आकडा बघा. ते सारखे असतील तर त्या शंभरात एक रडार असणारच. वेगळे असतील तर एकही नाही. उदाहरणार्थ ३४५५०१पासून सुरू होणाऱ्या बंडलात ३४५५४३ आहे. ३४५७०१पासून सुरू होणाऱ्यात काही नाही, ते उलगडूही नका. दहातल्या सरासरी एका बंडलालाच हा योग येतो.

मुलांना सोबत घ्यायचे असेल तर तारखांचे क्रमांक शोधायला लावा. १५०८४७ म्हणजे स्वातंत्र्यदिन, ०१०५६० म्हणजे महाराष्ट्राची स्थापना, १९०२३० म्हणजे शिवजयंती. बाजारात याला किंमत देणारा मिळेलच असे नाही, पण आजीच्या वाढदिवसाचा क्रमांक शोधताना सात-आठ वर्षांचे मूल जे टक लावून बघायला शिकते, ते मला कुठल्याही भावापेक्षा मोलाचे वाटते. तोच तो एक क्रमांक दहा लाखांत एकदा येतो. घरातल्या सगळ्यांच्या तारखा यादीत घेतल्या तर वाट बघणे सुसह्य होते.

आता अवस्थेविषयी, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते. संग्राहक नोट हातात घेतली की क्रमांकाआधी घडी बघतो. एकदाही मधोमध न दुमडलेली, कोपरे टोकदार असलेली नोट वेगळ्या वर्गात जाते. एक घडी पडली की भाव खाली येतो, चार घड्या पडल्या की बहुतेक नोटा फक्त दर्शनी किमतीच्या उरतात. पॉलिमरवर पडलेली घडी कागदासारखी दाबून निघत नाही. तिथे पांढरट रेघ राहते. आहेरासाठी नोटांना इस्त्री फिरवण्याची आपल्याकडची हौस इथे तर फार महागात पडेल. १२० अंश सेल्सिअसच्या वर पॉलिमरची नोट आकसू आणि वितळू लागते. कागदी नोटेलाही इस्त्री करू नका, धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका. कागदाचा मूळचा कडकपणा गेला की जाणकाराच्या बोटांना ते लगेच कळते. सापडलेली नोट सपाट ठेवा, आणि ठेवताना मऊ, वासाच्या प्लास्टिकची पाकिटे टाळा. पीव्हीसीमधले द्रव्य काही वर्षांत पाझरते आणि नोट चिकट होते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे मिळतात, ती घ्या.

छपाईतल्या चुका असलेल्या नोटांचे आकर्षण मोठे आहे आणि फसवणूकही तिथेच जास्त. चकाकणारी पट्टी नसलेली चर्चिलची नोट दाखवून ‘मिसप्रिंट’ म्हणून विकणारे भेटतील. ती पट्टी घासून निघते, खरवडूनही काढता येते. तिरकस उजेडात धरून बघा. कडांना चकाकीचे कण किंवा ओरखडे दिसले तर ती चूक छापखान्याची नव्हे. खऱ्या चुका वेगळ्या असतात. ताव तिरका कापला गेल्याने शेजारच्या नोटेची कड दिसणे, एखादा रंग मुळीच न उठणे, दोन ठिकाणचे क्रमांक वेगवेगळे असणे, ताव दुमडून छापला गेल्याने कोपऱ्याला जादा कागद राहणे. चूक कशी घडली हे छपाईच्या क्रमाने सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर सोडून द्या. सन आणि ओडम्सचे मोठे छापखाने एकेकाळी वॉटफर्डमध्ये होते. त्यांत काम केलेला एखादा वयस्क शेजारी तुम्हाला लाभला असेल, तर त्याला नोट दाखवून बघा. ताव, रंग आणि कापणी यांविषयी तो जे सांगेल ते पुस्तकात मिळणार नाही.

बर्मिंगहॅमचे सूक्ष्म-कोरीवकाम करणारे कलावंत ग्रॅहॅम शॉर्ट यांनी २०१६मध्ये पाचाच्या नोटांच्या पारदर्शक भागात जेन ऑस्टिनचे अतिसूक्ष्म चित्र कोरले आणि त्या नोटा वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये खर्चून टाकल्या. पहिली वेल्समधल्या ब्लॅकवुडला खर्चली. तेव्हा एकेकीची किंमत पन्नास हजार पौंडांपर्यंत सांगितली गेली. पाचाची नोट हातात आली की भिंग घेऊन त्या भागाकडे एकदा बघायला हरकत नाही, फक्त त्यासाठी बंडले काढू नका. हे वाचून कोणी स्वतः नोटेवर शिक्का किंवा अक्षरे छापायला जाऊ नये. १९२८च्या कायद्याने इथे तो गुन्हा आहे.

स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या नोटा वॉटफर्डच्या गल्ल्यात अधूनमधून येतात. दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात, म्हणून तुम्हाला आनंदाने बदलून देतात. क्लाइड्सडेल बँकेची २०१५ची, फोर्थ पुलाचे चित्र असलेली पॉलिमरची पाचाची नोट कोरी मिळाली तर जरूर ठेवा. ग्रेट ब्रिटनमध्ये चलनासाठी निघालेली ती पहिली पॉलिमर नोट.

आता दानपेटी. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या पेटीत किंवा दिवाळी मेळ्याच्या गल्ल्यात शेकडो लोकांच्या खिशांतल्या नोटा एका ठिकाणी येतात. चाळण्यासाठी याहून चांगले बंडल नाही. पण ते पैसे देवाच्या नावाने दिलेले आहेत आणि मालकी संस्थेची आहे. मोजणी नेहमी दोघांनी मिळून करा, आकडा आधी लिहा, त्यावर दोघांच्या सह्या घ्या. मगच एखादी नोट बदलायची असेल तर ती उघडपणे बदला. आणि तुम्हाला त्या नोटेची किंमत जास्त आहे हे कळत असेल, तर पाच टाकून पन्नासची वस्तू उचलणे ही चोरीच आहे, तिला दुसरे नाव नाही. ती नोट समितीला दाखवा, मंडळाच्या नावाने विका आणि रक्कम पेटीत जमा करा. जाणणाऱ्याने न जाणणाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घ्यायचा नाही, एवढे पथ्य पाळले तरच हा छंद सभ्य माणसांचा राहील.

भारतात गेल्यावर मात्र खरे कागदी बंडल हाती येते, आणि माझ्या मते आपल्या लोकांना सापडण्याजोगे सगळ्यात चांगले तिथेच आहे. आपल्या नोटांचा इंग्लंडशी जुना संबंध आहे. १९२८मध्ये नाशिकच्या छापखान्यात नोटा छापायला सुरुवात होईपर्यंत हिंदुस्थानच्या कागदी नोटा बँक ऑफ इंग्लंड छापून पाठवत असे. १९३२पर्यंत नाशिकने सगळ्या किमतींच्या नोटांचे काम अंगावर घेतले.

घरच्या बंडलात पहिल्यांदा स्टार नोट शोधा. छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी त्याच बंडलात घालण्यासाठी ही छापतात. तिच्या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मध्ये तारा असतो. रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत २००६पासून ही पद्धत सुरू केली, पाचशेच्या नोटेत २०१६मध्ये. बंडलावरच्या पट्टीवरही आत स्टार नोटा असल्याचे छापलेले असते, म्हणून पट्टी फेकू नका. जुलै २०२३मध्ये या नोटा खोट्या असल्याची अफवा पसरली होती, तेव्हा त्या पूर्णपणे वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. त्यानंतर गव्हर्नरची सही आणि मागच्या बाजूला छपाईचे वर्ष बघा. वर्ष नसेल तर नोट २००५पूर्वीच्या छपाईची. नोट उजेडाला धरून धागा जागच्या जागी आहे का तेही पाहा. कागदात धागा घालण्याची एक कल्पना वॉटफर्डजवळच्या खोऱ्यातही वाढली. क्रॉक्सली आणि ॲप्स्लीला कागद गिरण्या चालवणाऱ्या जॉन डिकिन्सन यांचा रेशमी धाग्याचा कागद १८४०च्या टपाल पाकिटांना वापरला होता. बँक ऑफ इंग्लंडने नोटेत धातूचा धागा घातला तो १९४०मध्ये.

जुन्या बंडलांना टाचण्यांची भोके असतात. बँका पूर्वी बंडले स्टेपल करत, नोव्हेंबर २००१मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला सांगितले. त्या आधीच्या नोटांना भोके असली तरी भारतीय संग्राहक नाक मुरडत नाहीत. टाचण्या ओढून काढू नका, पाय उघडून अलगद सोडवा. ७८६ क्रमांकाच्या नोटा श्रद्धेने जपणारे पुष्कळ आहेत, पण शेवटी ७८६ असलेली नोट दर हजारात एक येते. तिच्यासाठी लाखांचे भाव सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

दोन कायदे माहीत हवेत. २०१६मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणे २०१७च्या कायद्याने गुन्हा आहे. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस नोटांची. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतले जे जास्त असेल तिथपर्यंत होऊ शकतो. आणि भारताबाहेर जाताना माणशी २५,००० रुपयांपर्यंतच भारतीय चलन नेता येते. दहाच्या नोटांची दोन-चार बंडले वॉटफर्डला आणून निवांत चाळायला यात काही अडचण येत नाही.

विकायची वेळ आली तर ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, विक्री पूर्ण झालेल्या नोटांची यादी बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लंडनची लिलावगृहे छायाचित्र पाठवल्यास अंदाज सांगतात. व्हिन्सेंट डगलबी यांचे ‘इंग्लिश पेपर मनी’ हे पुस्तक ग्रंथालयात मिळाले तर अक्षरांच्या मालिका त्यातून पडताळून घ्या. भारतात ‘तुमची जुनी नोट पाच लाखांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असे फोन येतात आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे नाव वापरले जाते. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरपणे सांगितले आहे की ती असल्या व्यवहारात नाही आणि कोणाकडूनही कमिशन किंवा शुल्क मागत नाही. गावी असलेल्या आईवडिलांना हे आजच फोन करून सांगा.